ती धून चारांत नाही, दहांत आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला दरोड्याच्या सिनेमांच्या पार्श्वसंगीतावरचा लेख वाचला. विषय घेतलात याचा आनंद झाला, कारण आपल्याकडे सिनेमाचं संगीत म्हणजे गाणी एवढंच समीकरण असतं. पण लेखकांनी दोन विधानं अशी केली आहेत की मिरजेतल्या माझ्यासारख्या तबलाशिक्षकाला गप्प बसवेना. एक, ‘मिशन इम्पॉसिबल’ची धून ‘चार मात्रांच्या दणकट ठेक्यावर उभी आहे’. दोन, तिजोरी फुटताना ठेका जितका जलद आणि मोठा, तितकी प्रेक्षकाची धडधड जास्त.

आधी मात्रांचं. लालो शिफ्रिन यांनी ही धून १९६६ साली दूरचित्रवाणी मालिकेसाठी केली ती पाचाच्या मापात. आपल्या पद्धतीने बारीक मोजली तर दहा मात्रा. वर्गात आठवीतल्या एका मुलाने मोबाइल पुढे करून ‘सर, यावर ठेका धरा ना’ म्हटलं, तेव्हा मीही फसलो. दहा मात्रा म्हटल्यावर हात आपसूक झपतालाकडे गेला. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. पहिल्याच आवर्तनात गाडी घसरली. झपतालाचे विभाग दोन-तीन-दोन-तीन, म्हणजे टाळी-खाली येते पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि आठव्या मात्रेवर. शिफ्रिनसाहेबांचे विभाग तीन-तीन-दोन-दोन, म्हणजे वजन पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि नवव्या मात्रेवर. समेखेरीज, म्हणजे पहिल्या मात्रेखेरीज, एकही जागा जुळत नाही! दोन लांब, दोन आखूड. तारायंत्राच्या मोर्स भाषेत दोन डॅश म्हणजे एम आणि दोन डॉट म्हणजे आय, मालिकेच्या नावाची आद्याक्षरं. त्या मुलाला हे सांगितलं तर तो दिवसभर बाकावर तेच ठोकत बसला आणि शेजारच्या वर्गातून तक्रार आली.

मुद्दा असा की ही धून अस्वस्थ करते ती जलद आहे म्हणून नव्हे. कान तिसऱ्या तीनची वाट पाहत असतो आणि तिथे दोनच मिळतात. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. चोर आतमध्ये आहेत आणि वेळ एक मात्रेने कमी पडतोय, हे शिफ्रिन यांनी मापातच बसवून टाकलं. परग्रहावरच्या माणसांना पाच पाय असतात, त्यांना नाचता यावं म्हणून ही धून केली, असं ते गमतीने सांगत. लेखकांच्या कानात चार मात्रा कुठून आल्या त्याचा अंदाज मात्र मला आहे. १९९६च्या चित्रपटाच्या वेळी यू-टू बँडच्या दोघा वादकांनी, ॲडम क्लेटन आणि लॅरी मलन यांनी, या धुनेची नाचता येईल अशी आवृत्ती काढली आणि ती चारांत बसवली. मिरवणुकीत, रिंगटोनवर तीच फिरली. खुद्द चित्रपटात संगीतकार डॅनी एल्फमन यांनी मूळ माप सोडलेलं नाही.

जाता जाता एक गंमत. शिफ्रिन अर्जेंटिनाचे. तरुणपणी पॅरिसला शिकायला गेले, तिथे फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ हे त्यांचे गुरू. या मेसियाँना तालांचा विलक्षण नाद. एका फ्रेंच ज्ञानकोशात त्यांना १२० देशी तालांची यादी सापडली आणि ती त्यांनी आयुष्यभर वापरली. ती यादी मुळात शार्ङ्गदेवाच्या ‘संगीत रत्नाकर’ या ग्रंथातली, आणि शार्ङ्गदेव होता तेराव्या शतकातल्या देवगिरीच्या यादवांच्या दरबारात. म्हणून ‘मिशन इम्पॉसिबल’ची धून दौलताबादच्या किल्ल्यातून निघाली, असा संदेश कृपा करून कुणी पुढे पाठवू नये. तसं मी म्हणत नाही आणि तसा पुरावाही नाही. पण दोन आणि तीन असे उलटसुलट रचता येतात याचं ज्या गुरूला आपल्याइतकंच कौतुक होतं, त्याच्या वर्गात हा माणूस बसला होता, एवढं मनाशी ठेवायला हरकत नाही.

आता दुसरं विधान. १९५५च्या ‘रिफिफी’ या फ्रेंच दरोडापटाचा लेखात उल्लेखही नाही, आणि दरोड्याच्या सिनेमाच्या संगीतावर लिहिताना तो टाळणं म्हणजे तबल्यावर लिहिताना बायाँ, म्हणजे डग्गा, विसरणं. दिग्दर्शक ज्युल्स दासिन. अमेरिकेत कम्युनिस्ट म्हणून काळ्या यादीत टाकल्यामुळे काम मिळेना, म्हणून फ्रान्सला गेलेला माणूस. चौघे चोर सराफी दुकानाच्या वरच्या मजल्यावरून जमीन फोडून खाली उतरतात आणि जवळजवळ अर्धा तास पडद्यावर एक शब्द नाही, एक सूर नाही. भोक पुरेसं झाल्यावर त्यातून मिटलेली छत्री खाली सोडतात आणि उघडतात, म्हणजे पुढचा चुरा छत्रीत पडेल, दुकानाच्या फरशीवर आवाज होणार नाही. धोक्याची घंटा आग विझवायच्या फेसाने बुजवतात.

हा सिनेमा मी तरुणपणी सांगलीतल्या एका फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला. बसायला सतरंज्या, मागे प्रोजेक्टरची खडखड आणि वर कुरकुरणारा पंखा. छत्री उघडली आणि कुणीतरी अंधारात उठून पंखा बंद केला. कुणी सांगितलं नव्हतं. मे महिना होता, पण एकाने तक्रार केली नाही. पडद्यावरच्या चोरांना आपला आवाज ऐकू जाईल अशी त्या खोलीतल्या चाळीस शहाण्या माणसांना भीती वाटत होती!

संगीतकार होते जॉर्ज ऑरिक, मोठं नाव. दासिन यांनी पुढे मुलाखतीत सांगितलेली हकीकत अशी, की संगीताशिवाय इतका लांब प्रसंग चालणार नाही असं ऑरिक यांचं ठाम मत होतं आणि त्यांनी त्यासाठी संगीत केलंही. मग दासिन यांनी त्यांना तो प्रसंग दोनदा दाखवला, एकदा संगीतासह, एकदा त्याविना. पाहून झाल्यावर ऑरिक स्वतःच म्हणाले, संगीत काढून टाका. स्वतःची रचना स्वतःच्या हाताने काढायला लावणारा वादक मी माझ्या आयुष्यात फार थोडा पाहिला आहे. साथीला बसल्यावर गवयाच्या आलापीत हात आवरता न येणारे मात्र पुष्कळ.

याच दासिन यांनी १९६४च्या ‘टॉपकापी’त फरशीला पाय लागताच घंटा वाजेल अशा इस्तंबूलच्या संग्रहालयात छतातून दोरीने माणूस उतरवला. १९९६ला टॉम क्रूझ लटकला ती हीच दोरी, असं मी तरी समजतो. आणि बघा, ज्या चित्रपटाची धून जगाला पाठ, त्यातल्या त्या सर्वांत गाजलेल्या प्रसंगात दिग्दर्शक ब्रायन डी पाल्मा यांनी संगीत जवळपास बंदच ठेवलं आहे. चष्म्याच्या काचेवरून घामाचा थेंब घसरतो आणि तो जमिनीवर पडायच्या आत हातमोज्यात झेलतात. तिथे ड्रम वाजवून काय साधलं असतं?

संगीत नकोच, असं मी म्हणत नाही. १९७४च्या ‘द टेकिंग ऑफ पेलहॅम वन टू थ्री’त न्यूयॉर्कची भुयारी गाडी पळवून दहा लाख डॉलर मागतात. डेव्हिड शायर यांनी तिथे खाली चांगला डुलता बेस ठेवला आणि वर बारा स्वरांची अशी ओळ टाकली की बाराही वाजून झाल्याशिवाय एकही स्वर परत येत नाही. ना वादी, ना संवादी (रागातले मुख्य स्वर), ना षड्जावर विसावा. पाय डुलतो आणि जीव टांगलेला राहतो. आपल्याकडेही राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात अमृतराव काटकर रेसो-रेसो, म्हणजे खाचांवर काडी घासून वाजवायचं वाद्य, घासायचे. तो खर्र-खर्र आवाज मला नेहमी कुलपावर कानस चालल्यासारखा वाटत आला आहे. त्यावर खरं तर वेगळा लेख हवा, आणि लेखकांनी हिंदीकडे पाठ का फिरवली तेही कळलं नाही.

हल्ली काय चालतं ते आमच्या घरी रोज दिसतं. सौ.ला कमी ऐकू येतं म्हणून आम्ही मालिका खाली अक्षरं लावून पाहतो. गेल्या महिन्यात एका नव्या वेबमालिकेत बँक लुटायला निघाले, तेव्हापासून चौकटी कंसात ‘तणावपूर्ण संगीत’ हे शब्द परत परत उगवत होते. गाडीत बसले, तणावपूर्ण. नकाशा उलगडला, तणावपूर्ण. एकाने चहा ओतला, तरी तणावपूर्ण. शेवटी तिजोरीचं दार उघडलं तेव्हा सौ. म्हणाली, ‘अहो, कुलूप उघडल्याचा आवाज आला का हो?’ मला ऐकू येतं, पण मलाही आला नव्हता. ढोल चालू होते.

तर मात्रांबाबतची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी, ही विनंती. आमच्या त्या विद्यार्थ्याने मध्यंतरी या धुनेसाठी स्वतःचा ठेका बांधला आहे: धा तिं ना, धी धी ना, धी ना, ती ना. बोल बरे बसलेत. तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर यायचा तुकडा, अजून अर्धी मात्रा पुढे जाते, त्यावर काम चालू आहे.

आपला,
एक तबलाशिक्षक, मिरज