आधी बल्ब बघ, हेड नको उघडू

देवबाग, ता. मालवण

बाळ्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, वाऱ्यात अर्धं कळलं अर्धं नाही, पण मुद्दा पोचला. जेटीला इंजिन लगेच चालू होतं, आयडलवर सोडलं तर तासभर गुरगुरत राहतं, आणि खाडीत काढून फुल रेस दिली की बोट मस्त उचलते, दोन-तीन मिनिटं पळते आणि मग मान टाकते. थोडं थांबलं की परत चालू, वर शहाणपणा असा की काही झालंच नव्हतं. त्यात तुझ्या मेकॅनिकने कार्बोरेटर खोलून साफ केला, प्लग बदलले, पैसे घेतले आणि आता म्हणतोय पिस्टन रिंगा गेल्यात, हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण उघडावं लागेल. बाबा रे, हेड उघडू देऊ नकोस. फोनवरच सांगितलं असतं पण तू मधेच "हो हो कळलं" म्हणतोस आणि तुला काही कळलेलं नसतं, म्हणून लिहितोय, हे घेऊन बोटीवर जा.

रिंगा गेलेलं इंजिन असं वागत नाही. ते सकाळी थंडीत दोरी ओढून ओढून खांदा काढतं, आयडललाही नीट बसत नाही, आणि दोन मिनिटं थांबलं म्हणून सुधारत तर मुळीच नाही. तुझं इंजिन उपाशी आहे. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत थोडं पेट्रोल भरलेलं असतं ना, आयडलवर ते हळूहळू संपतं आणि मागून येणारं थेंबथेंब पेट्रोलही त्याला पुरतं. पण टू स्ट्रोक ४० एचपी फुल रेसला तासाला १५ लिटरच्या वर पितं, तेव्हा वाटी रिकामी व्हायला कितीसा वेळ लागणार! थांबलास की मागून झिरपून वाटी परत भरते आणि इंजिन चालू. म्हणजे अडचण वाटीच्या मागे कुठेतरी आहे, आणि मागे काय आहे तर पंप, फिल्टर, बल्ब (पाईपमधला हाताने दाबायचा रबरी फुगा), पाईप, टाकी. आमच्याकडचे जुने लोक सांगायचे, पयली टाकी बघ, मगे इंजिन. पण हल्ली सगळ्यांना आधी स्पॅनर हातात घ्यायचा असतो.

आता टेस्ट. कोणाला तरी सोबत घे, एकट्याने करू नकोस. फुल रेसला पळव आणि इंजिन गचके खायला लागलं की त्याला पाईपमधला तो काळा रबरी बल्ब पटापट दाबायला सांग. दाबल्यावर इंजिनने परत जोर धरला तर करंटचा प्रश्न मिटला, सीडीआय, कॉइल वगैरे स्पार्कच्या भागांची कोणी नावं घेतली तरी ऐकू नकोस. मग त्याच वेळी बल्ब हाताला कसा लागतो ते बघ, सगळी गोष्ट तिथेच आहे. बल्ब आत ओढला जाऊन चपटा झाला असेल तर टाकीच्या बाजूला कुठेतरी अडकलंय. बल्ब गोल आहे पण दाबत राहिलं तरच इंजिन चालतं, तर इंजिनवरच्या फ्युएल पंपाचा डायफ्राम, आतला पातळ पडदा, सैल पडलाय. आणि सुरुवातीला कितीही दाबला तरी कडक होतच नाही, तर कुठल्यातरी जॉइंटातून हवा घेतोय किंवा बल्बच्या आतला व्हॉल्व्ह गेलाय. बल्बवरचा बाण इंजिनकडे आहे ना तेही बघून घे, हसू नकोस, उलटे बसवलेले बघितलेत मी.

आमच्या इथे गेल्या सीझनला डिट्टो हाच प्रकार झाला. भोगव्याला पर्यटक घेऊन जाणारी बोट, संगमाजवळ गेली की बंद. बल्ब बघितला तर पार चपटा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडाच होता, टाकीतली जाळी साफ, तरी तेच. मग दुसऱ्या बोटीची टाकी पाईपसकट आणून लावली आणि इंजिन निवतीपर्यंत बिनधास्त गेलं. मग जुना पाईप काढून फुंकला, तर हवा आरपार जाते! मालक म्हणाला बघ, पाईप चांगलाय. म्हटलं आता ओढून बघ. त्याने तोंडाने ओढला तर गच्च बंद. ब्लेडने उभा चिरला तेव्हा दिसलं, आतला पातळ थर सुटून सालीसारखा लोंबत होता, हळू ओढलं की पेट्रोल बाजूने जायचं, जोरात ओढलं की तोच थर भोकावर येऊन बसायचा. शहाळ्यातली मऊ पडलेली स्ट्रॉ कशी चिकटते तसंच. वरून पाईप अगदी नवा, चकचकीत. हार्डवेअरच्या दुकानातून मीटरवर आणलेला, पेट्रोलचा पाईप नव्हताच तो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, ते असल्या पाईपला आतून फुगवतं.

इथेनॉलवरून आठवलं, तुझी बोट पावसाळाभर वर ओढून ठेवली होतीस, टाकीत पेट्रोल तसंच होतं का? असेल तर पहिलं काम ते कर. अर्धी टाकी, वर दमट हवा, इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जास्त झालं की पाणी-इथेनॉल खाली बसतं, पेट्रोल वर. आणि टाकीतली नळी पेट्रोल उचलते कुठून, तर तळातून. त्यात तुझं टू स्ट्रोक, टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं, म्हणजे इंजिनला खालून जे जातं त्यात ऑइल जवळपास नाहीच, मग मात्र पिस्टन खरंच जाम होईल आणि तो मेकॅनिक म्हणेल मी सांगत होतो. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून तासभर उभं ठेव. खाली वेगळा थर दिसला तर सगळं ओतून काढ, टाकी सुकव, नवीन पेट्रोल ५० ला १ ऑइल मिसळून घाल. जुन्यात नवीन टाकून "चालेल" करू नकोस, तुझा स्वभाव माहितीये मला.

बल्ब दाबूनही इंजिन उठलं नाही तरच करंटकडे जा. तेव्हा बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच, स्पार्क टेस्टर लावून स्पार्क बघ, थंड झाल्यावर बघून उपयोग नाही, गरम कॉइलच दगा देते. आणि मागून पाण्याची धार नीट मारतंय का तेही बघ, धार बारीक असेल तर इम्पेलर, म्हणजे थंड करायचं पाणी ओढणारा रबरी पंखा, वाळूने खाल्ला असेल, पण मला नाही वाटत तुझा तो प्रॉब्लेम आहे.

आणि हे सगळं ओहोटीला खाडीच्या तोंडाशी करत बसू नकोस रे. आत, शांत पाण्यात कर, आणि नांगर पुढे मोकळा करून ठेव. इंजिन बंद पडलं की माणूस आधी दोरी ओढत बसतो आणि बोट तोवर कुठल्या कुठे जाते. आधी नांगर, मग दोरी.

काकूंना सांग सोलं पोचली, आईने कोकमाचं आगळ पण करून ठेवलंय त्यांच्यासाठी. माझ्याकडे मरीन पाईपचा तुकडा शिल्लक आहे, तुझ्या टाकीपासून इंजिनापर्यंत पुरेल. जुन्या पाईपवर काय छापलंय त्याचा फोटो टाक आणि आतलं माप घे, बाहेरचं नको. माप जुळलं तर गुरुवारी भाचा चिपळूणला येतोय, त्याच्याकडे पाईप, दोन क्लॅम्प आणि आगळाची बाटली देतो, स्टँडवर येऊन घे.

तुझा,
पक्या