प्रश्नाला उत्तर द्या, पदवी विचारू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या कालच्या अंकातील हौशी इतिहासप्रेमींवरचा लेख वाचून हे पत्र लिहीत आहे. लेखकांच्या व्यासंगाविषयी मला आदर आहे, आणि प्राचीन लिप्या, राजघराणी व बुडालेली शहरे यांविषयी वाटेल ते ठोकून देणाऱ्यांचा त्यांना जसा वैताग येतो तसा मलाही येतो. परंतु ज्यांनी या विषयाचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही त्यांनी वाचावे, प्रश्न उपस्थित करू नयेत, हा त्यांचा निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. आपल्या वृत्तपत्राने तो एका शब्दाचाही प्रतिवाद न छापता प्रसिद्ध केला, याचे अधिक वाईट वाटते.

लेखकांनी हाइनरिश श्लीमनचा दाखला दिला आहे. व्यापारात पैसा मिळवून होमरच्या महाकाव्यातील ट्रॉय नगरीच्या शोधात निघालेल्या या माणसाने १८७१ ते १८७३ या काळात तुर्कस्तानातील हिसार्लिकच्या टेकडीतून एवढा मोठा चर खणला की वरच्या थरांतील बराचसा पुरावा कायमचा नष्ट झाला. आणि ज्या दागदागिन्यांना त्याने ‘प्रायम राजाचा खजिना’ म्हटले, ते ट्रॉयच्या युद्धाचा जो काळ मानला जातो त्याच्या हजाराहून अधिक वर्षे आधीचे निघाले. हे सारे खरे आहे. मात्र याच टेकडीत ट्रॉय असावे, हे श्लीमनला पटवून देणारा फ्रँक कॅल्व्हर्ट हाही हौशीच होता, हे लेखकांनी सांगितलेले नाही. टेकडीचा काही भाग त्याच्या मालकीचा होता आणि श्लीमनच्या आधी त्याने तेथे थोडे खोदूनही पाहिले होते. श्लीमनला सापडलेल्या वस्तूंत साधारण इ.स.पू. १८०० ते ७०० या दरम्यानचे काहीच दिसत नाही, म्हणजे ज्या युद्धाचा शोध चालला आहे त्याचाच काळ बेपत्ता आहे, हे १८७३ मध्ये जाहीरपणे लिहिणारा माणूस हाच. एका हौशी माणसाची चूक दुसऱ्या हौशी माणसाने दाखवून दिली होती. ही अर्धी हकीकत गाळून उरलेली अर्धी सर्वांच्या माथी मारणे न्याय्य नाही.

मला हे इतके का लागले, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी प्राचीन भूमध्य सागरी संस्कृतींवरील एका जाहीर व्याख्यानाला मी गेलो होतो. ग्रीसच्या थेरा (सँटोरिनी) बेटावरील ज्वालामुखीचा महास्फोट इ.स.पू. १५०० च्या सुमारास झाला, असे वक्त्यांनी जणू तो वाद मिटलेलाच आहे अशा थाटात सांगितले. प्रश्नोत्तरांच्या वेळी मी उठून विचारले की, त्या स्फोटाच्या राखेत गाडल्या गेलेल्या ऑलिव्हच्या फांदीचे जे कार्बन कालमापन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातून इ.स.पू. १६२७ ते १६०० हा काळ निघाला होता. मग या शंभरएक वर्षांच्या फरकाचे काय करायचे? वक्त्यांनी माझ्याकडे पाहून, “आपले शिक्षण कशात झाले आहे?” असे विचारले. वाणिज्य शाखेत, असे मी सांगताच सभागृहात हशा पिकला आणि आयोजकांनी माझ्या हातातील ध्वनिक्षेपक काढून पुढच्या श्रोत्याकडे दिला.

माझ्या प्रश्नाला उत्तर नव्हते असे नाही. ऑलिव्हच्या लाकडातील वाढीची वर्षे दाखवणारी वलये मोजणे अवघड असते. ती फांदी स्फोटापूर्वीच वाळलेली असू शकते. इजिप्तमधील राजांच्या कालक्रमाशी आणि व्यापारातून इकडेतिकडे गेलेल्या मातीच्या भांड्यांशी जुळवून पाहिले तर वक्त्यांनी सांगितलेला, म्हणजे नंतरचाच काळ अधिक पटतो. यांपैकी एक वाक्य जरी ते बोलले असते, तरी मी समाधानाने खाली बसलो असतो. पुढे २०१८ मध्ये वृक्षवलयांच्या आधारे झालेल्या नव्या कार्बन मोजणीने स्फोटाचा काळ इ.स.पू. सोळाव्या शतकात असण्याची शक्यता पुढे आणली, म्हणजे तो प्रश्न त्या दिवशी खुलाच होता. शंका वाणिज्य शाखेच्या माणसाने काढली म्हणून त्या फांदीतील कार्बनचे प्रमाण बदलत नाही.

लेखकांना मायकेल व्हेंट्रिस ठाऊक असणारच. तो व्यवसायाने वास्तुविशारद होता. क्रीट आणि ग्रीसमध्ये सापडलेल्या मृत्पट्टिकांवरील लिनिअर बी नावाची प्राचीन लिपी त्याने १९५२ मध्ये उलगडली, तेव्हा ती भाषा ग्रीक निघाली. तोपर्यंत तो स्वतः ती प्राचीन इटलीतील एट्रुस्कन भाषेशी नाते सांगणारी भाषा असावी असे मानत आला होता. आपली टिपणे तो वेळोवेळी जाणकारांना पाठवत असे आणि त्यांचे आक्षेप मागवत असे. त्याला जॉन चॅडविकसारखा भाषातज्ज्ञ सहकारी मिळाला, आणि ॲलिस कोबर या विदुषीने आधी करून ठेवलेल्या चिकाटीच्या कामाचा आधारही मिळाला. पुढच्याच वर्षी ग्रीसमधील पायलोस येथील एक पाटी व्हेंट्रिसने बसवलेल्या उच्चारांनुसार वाचली गेली, तेव्हा तिवईच्या चित्रापाशी तिवईसाठीचा ग्रीक शब्द आणि चार कानांच्या, तीन कानांच्या व बिनकानांच्या भांड्यांच्या चित्रांपाशी त्या त्या अर्थाचे शब्द निघाले. इतका स्वच्छ पुरावा समोर आल्यावर व्हेंट्रिसची पदवी कशातली हे विचारण्याचे कारणच उरले नाही.

त्याच्याही सुमारे शंभर वर्षे आधीचे उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते. १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने प्राचीन अश्शूरच्या पहिल्या तिग्लाथ-पिलेसर राजाचा कीलाकार (पाचरीसारख्या खुणांच्या) लिपीतील कोरीव लेख चौघांना स्वतंत्रपणे वाचायला दिला. रॉलिन्सन हे लष्करी अधिकारी, हिंक्स हे आयर्लंडमधील धर्मोपदेशक, टॅल्बट हे छायाचित्रणाच्या आद्य संशोधकांपैकी एक, आणि ओपर्ट हे पौर्वात्य भाषांचे शिक्षण घेतलेले विद्वान. मोहोरबंद पाकिटे समितीपुढे उघडली गेली, चारही भाषांतरे महत्त्वाच्या बाबतीत जुळली, आणि ती लिपी खरोखरच वाचता येते हे जगाने मान्य केले. तज्ज्ञांनी कसोटी अशी लावावी. ती कोणालाही लावता येते आणि तीत नापास होणाऱ्याला तक्रारीला जागा राहत नाही.

कसोटीपासून पळणाऱ्या हौशी मंडळींची बाजू मी घेणार नाही. क्रीटमधील फैस्टोसची मातीची तबकडी १९०८ मध्ये सापडली. तिच्यावर सुमारे दोनशे चाळीस ठसे आहेत, निरनिराळी चिन्हे पंचेचाळीस आहेत, आणि त्या लिपीतील दुसरा लांबलचक मजकूर उपलब्ध नाही. म्हणून तिचे कोणतेही वाचन पडताळून पाहता येत नाही, हे वारंवार सांगूनही दर काही काळाने कोणीतरी अर्थ लागल्याचे जाहीर करतो, आणि शंका काढणाऱ्याला तज्ज्ञांचा हस्तक ठरवतो. अशांना लेखकांनी जरूर फटकारावे.

परंतु, संपादक महोदय, अशा दाव्यांना ‘रहस्य उलगडले’ असे ठळक मथळे कोण देते? आपल्याच वृत्तपत्रात असे मथळे मी वाचले आहेत. तो दावा कोणी तपासला, कोणत्या संशोधनपत्रिकेत छापून आला, विरुद्ध मत काय आहे, यांपैकी काहीही त्या बातम्यांत नव्हते. नंतर तो दावा टिकला की नाही, याची दोन ओळींची बातमीही कधी आली नाही. मथळे आपण द्यायचे आणि ते वाचून प्रश्न विचारणाऱ्या वाचकांना मात्र उपद्रवी ठरवायचे, हे मला पटत नाही.

मागे माझे एक पत्र छापताना आपण त्यातील सर्व सनावळी गाळली होती आणि त्यामुळे माझे म्हणणे निराधार दिसले. हे पत्र छापणार असाल, तर थेराविषयीच्या परिच्छेदांतील वर्षे कृपया तशीच ठेवावीत. ते वक्ते आपले वाचक असतील, तर त्यांचे उत्तर याच सदरात वाचायला मला आवडेल.

कळावे,
आपला नियमित वाचक