‘उघड’ माहितीला कायद्यात वालीच नाही

महोदय,

मतदारयाद्या संगणकावर शोधता येतील अशा मजकुराच्या स्वरूपात द्याव्यात, ही मागणी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. याद्या चित्ररूप पीडीएफमध्येच ठेवण्यामागे मतदारांच्या खासगीपणाचेही कारण होते. गठ्ठ्याने माहिती उपसणाऱ्याला तेव्हा घाम फुटला असता. आज कृत्रिम बुद्धिमत्ता तीच पाने, देवनागरीसकट, बसल्या बैठकीला वाचून काढते.

इंटरनेटवरच्या उघड माहितीतून शोध घेण्याला, म्हणजे ‘ओसिंट’ला, माझा विरोध नाही. २०१४ मध्ये युक्रेनवर पाडलेल्या एमएच-१७ विमानात २९८ माणसे गेली. ते क्षेपणास्त्र कुठल्या रशियन तुकडीचे, याचा माग ‘बेलिंगकॅट’ या शोधपत्रकारांच्या गटाने लोकांनी टाकलेल्या फोटो-व्हिडिओंतूनच काढला. पण तिथे माणसे एकेक फोटो ताडून पाहत होती आणि रोख एका गुन्ह्यावर होता. आता संशय असो-नसो, कोणाचेही नाव टाकावे आणि मतदारयादीतला पत्ता, सातबारा, दस्तनोंदणीतला इंडेक्स-२ (मालमत्ता-व्यवहाराचा गोषवारा), फेसबुकवरचे बारशाचे फोटो असे सगळे एकत्र जोडून घ्यावे, हे सहज जमण्याजोगे झाले आहे.

आणि ही जोडणी चुकतेही. आपल्याकडे एकेका तालुक्यात ‘संजय पाटील’ किती! लग्न झालेल्या बाईचे नाव सातबाऱ्यावर माहेरचे, मतदारयादीत सासरचे. यंत्र दोघींची एक करील नाहीतर एकीच्या दोन, आणि अहवाल मात्र ठाम भाषेत लिहील. त्यावर विसंबून कोणी कर्ज नाकारले, भाड्याने घर नाकारले, तर दाद कुठे मागायची?

२०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षण कायद्यात नाही. त्याचे कलम ३ सांगते की व्यक्तीने स्वतः उघड केलेल्या किंवा कायद्याने उघड करावी लागलेल्या माहितीला हा कायदा लागूच नाही. म्हणजे निर्णयासाठी वापरलेली माहिती अचूक असावी हे त्यातले बंधनही गळाले. फोटो मी टाकला तो नातेवाइकांसाठी. चेहरा ओळखणाऱ्या कंपनीच्या साठ्यासाठी नव्हे. असा साठा जमवला म्हणून नेदरलँड्सने २०२४ मध्ये ‘क्लिअरव्ह्यू एआय’ला ३ कोटी ५ लाख युरो दंड ठोठावला. इंटरनेटवरून सरसकट चेहरे गोळा करून ओळखसाठे उभारायला युरोपीय संघात फेब्रुवारी २०२५ पासून बंदीच आहे.

आपल्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य तरतुदी लागू व्हायला २०२७ उजाडेल. तोवर कलम ३ मधली ही सूट निदान गठ्ठ्याने उपसा करणाऱ्यांपुरती तरी काढावी. राज्य सरकारनेही पोलिसांसाठी २०२४ मध्ये ‘मार्व्हल’ ही एआय कंपनी काढली आहे. समाजमाध्यमांवरची माहिती ती कोणाच्या परवानगीने तपासणार, किती दिवस ठेवणार आणि चूक निघाली तर दुरुस्त कोण करणार, एवढे तरी गृहखात्याने लेखी जाहीर करावे.

– एक वाचक, सातारा