मुले घरी असतानाच कुत्रे आणावे का?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आमचा थोरला बारावीनंतर पुण्याला जाण्याच्या तयारीत असताना दोन्ही मुलांनी कुत्र्याच्या पिल्लाचा हट्ट धरला आहे, आणि खानापूर-निपाणीपासून बेळगावपर्यंत ज्या घरांतील मुले शिक्षणासाठी बाहेर पडतात, तेथे हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच. कुत्रे साधारण १० ते १३ वर्षे जगते. म्हणजे मुलांच्या हौसेची वर्षे २ आणि उरलेली आम्हा नवरा-बायकोची, हा हिशेब मी त्यांच्यापुढे मांडला. आपल्याकडच्या जुलैच्या संततधारेत सकाळी साखळी धरून बाहेर कोण पडणार, याचे उत्तर कोणी दिले नाही (धाकटीने छत्री मात्र तत्परतेने आणून दाखवली).

मुधोळ जवळच, बागलकोट जिल्ह्यात असल्याने मुलांना मुधोळ जातीचेच कुत्रे हवे होते; परंतु शिकारीसाठी जोपासलेल्या या चपळ जनावराला दोन खोल्यांच्या घरात डांबणे मला पटत नाही. शिवाय शेजारचा मुलगा नोकरीसाठी बेंगळुरूला गेल्यावर त्याचा कुत्रा महिनाभर रोज संध्याकाळी फाटकाशी कान टवकारून बसत असे, आणि गुडघे धरून उठणाऱ्या काकू त्याच्यापुढे दूध-भाकरीची थाळी सरकवत असत, हे मी पाहिले आहे.

अखेर गल्लीतल्याच एका शांत, वयात आलेल्या कुत्रीला रेबीजची लस टोचून व नसबंदी करून दिवाळीपर्यंत अंगणात सांभाळून पाहायचे आम्ही ठरवले आहे. पावसातली फेरी पहिले दोन महिने मुलांकडे राहील.

आपला,
एक पालक, टिळकवाडी, बेळगाव