विहिरीवरची मोटर आणि आकाशवाणीवरचे भाषण

नारायणगाव,
२ मार्च

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, गेल्या महिन्यात फोनवर तुम्ही विचारलेत, "इतकी वर्षे संशोधनात गेली, मग आता ही भाषणे कशासाठी?" तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही आणि प्रश्न मनातून गेलाही नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर माझ्याकडे रिसीव्हरचे काम आहे. तेथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. या दुर्बिणीचे जनक डॉ. गोविंद स्वरूप यांनी त्या भरीव पत्र्याच्या न करता पोलादी तारांच्या विरळ जाळीच्या केल्या. त्यामुळे वारा आरपार जातो, सांगाडा हलका राहतो आणि खर्चही आवाक्यात राहिला. आकाशातून त्यांवर येणाऱ्या रेडिओ लहरी इतक्या क्षीण असतात, की चंद्रावर कोणी एक साधा मोबाइल चालू ठेवला, तर तो आम्हाला आकाशातल्या बहुतेक स्रोतांहून प्रखर दिसेल. म्हणूनच माझा कितीतरी वेळ जमिनीवरच्या विजेच्या उपकरणांतून निघणाऱ्या लहरींचा गोंगाट ओळखण्यात जातो, आणि तो गोंगाट आसपासच्या गावांना आमचे काम कळल्याशिवाय कमी होणारा नाही.

ज्याच्यापासून रेडिओ खगोलशास्त्र सुरू झाले, तो कार्ल जान्स्की हा अभियंतासुद्धा अटलांटिकपलीकडच्या बिनतारी दूरध्वनीतली खरखर कोठून येते, एवढेच शोधत होता. तिचा एक भाग आकाशगंगेतून येतो, असे त्याने १९३३ साली जाहीर केले.

आकाशवाणीवरच्या माझ्या पहिल्या भाषणात हे सारे होते, तरी ध्वनिमुद्रण मध्येच थांबवून निर्मात्या बाईंनी विचारले, "हे शेतावर बसून ऐकणाऱ्याला कसे सांगाल?" मला आपली ओसरी आठवली. संध्याकाळी बातम्या लागलेल्या असत, विहिरीवर मोटर सुरू झाली की ट्रान्झिस्टर खरखरू लागे, आणि तुम्ही काही न बोलता तो हळूहळू फिरवत असा. त्याची लांबी विहिरीच्या रोखाने आली की खरखर मंदावे आणि निवेदकाचा आवाज पुन्हा स्पष्ट होई. त्या ट्रान्झिस्टरमध्ये फेराइट या चुंबकीय पदार्थाची आडवी कांडी असते आणि ती आपल्या टोकाच्या दिशेने येणाऱ्या लहरी जवळजवळ घेतच नाही, हे मी पुढे महाविद्यालयात शिकले. पण हात तुमचा आधीच शिकलेला होता. मी बाईंना तेच सांगितले आणि त्यांनी तेच ध्वनिमुद्रित केले.

परवा विज्ञान दिनानिमित्त दुर्बीण लोकांसाठी खुली होती. शाळेच्या मुलांच्या गर्दीतून एक शेतकरी माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "रेडिओवर तुमचे ऐकले. आमच्या शेतावरच्या विजेच्या डीपीतून रात्री ठिणग्या उडतात, त्याचा तुम्हाला त्रास होतो का?" बाबा, अशी डीपी शोधायला आम्हाला अँटेना घेऊन बांधाबांधाने हिंडावे लागते, आणि हे गृहस्थ ती आपण होऊन सांगायला आले होते. उद्या आम्ही तेथे जाणार आहोत.

आई, तू म्हणतेस तशी माझी दगदग वाढली आहे, हे खरे. पण हे काम मी सोडणार नाही.

पुढच्या भाषणात आपल्या विहिरीवरच्या मोटरीविषयी बोलायचे आहे. तिचा पहिला स्टार्टर कोणत्या साली बसवला, ते बाबांनी आठवून कळवावे, आणि तो जुना ट्रान्झिस्टर कोणाला देऊ नये.

तुमची,
थोरली