छोट्या कंपनीचे नियम करारात दिसू द्या

मा. संपादक,

नवउद्योजकांना सल्ला देणाऱ्या लेखांत 'ग्राहकाला कधीही नाही म्हणू नका' हे वाक्य हमखास असते. पाच-दहा माणसांच्या कंपनीला हा सल्ला महागात पडतो. कामाचे आणि ग्राहकाशी वागण्याचे नियम ठरवायचे असतील, तर पहिला नियम किती काम घ्यायचे नाही याचाच हवा. 'गुणवत्ता', 'विश्वास', 'बांधिलकी' हे शब्द फलकावर खुशाल लावावेत, पण आधीच भरलेल्या आठवड्यात अचानक तातडीचे काम आले तर काय करायचे, हे त्यांतून कळत नाही.

कामे ठरावीक अंतराने येत नाहीत आणि प्रत्येकाला लागणारा वेळही सारखा नसतो. अशा स्थितीत रांगेच्या गणिताचे सर्वांत सोपे सूत्र लावले, तर ५० टक्के वेळ गुंतलेल्या माणसाकडे आलेले नवे काम सरासरी एका कामाच्या वेळेइतके खोळंबते. ८० टक्क्यांना ते चार कामांइतके, ९० टक्क्यांना नऊ आणि ९५ टक्क्यांना तब्बल एकोणीस कामांइतके खोळंबते. म्हणजे ८० वरून ९० वर जाताना भार आठव्या हिश्शानेच वाढतो, पण प्रतीक्षा दुपटीहून जास्त होते. त्यामुळे 'आमच्याकडे कुणालाच क्षणाची उसंत नाही' हे अभिमानाने सांगण्यासारखे मुळीच नाही. पाच दिवसांच्या आठवड्यात चारच दिवसांच्या कामाचा शब्द द्यावा. पाचवा दिवस दुरुस्त्या, फोन, आजारपण आणि चुकलेले अंदाज यांत जातोच. उशीर झाल्यावर माणसे वाढवणे हा उपायही फसवा आहे. पाच जणांत एकमेकांशी बोलण्याच्या १० जोड्या असतात, आठ जणांत २८ होतात. शिवाय नव्यांना शिकवायचे ते नेमके घाईत असलेल्या जुन्यांनीच.

अंदाज देताना एकच आकडा देऊ नये. सर्व सुरळीत झाले तर किती दिवस, बहुधा किती आणि वाईटात वाईट किती, असे तीन आकडे काढावेत. मधल्या आकड्याची चौपट करून त्यात उरलेले दोन मिळवावेत आणि सहाने भागावे. ४, ६ आणि १४ दिवसांचा अंदाज असेल तर उत्तर ७ येते, ६ नव्हे. अमेरिकी नौदलाच्या प्रकल्पासाठी १९५८ च्या सुमारास रूढ झालेली ही रीत आजही उपयोगी आहे. मात्र हे दिवस कामाचे. ग्राहकाने माहिती, नमुने किंवा मंजुरी द्यायला लावलेले दिवस वेगळे धरावेत आणि तसे लिहून द्यावे.

सर्वाधिक भांडणे होतात ती 'एवढे जरा करून द्या' यावरून. बदल किरकोळ असतो, म्हणून कुणी नोंद करत नाही. असे पंधरा बदल झाले की तारीख घसरते आणि दोघांनाही समोरचा फसवतोय असे वाटते. म्हणून करारात कामात काय येत नाही याची यादी असावी, दुरुस्तीच्या फेऱ्या किती (दोन पुरतात) ते लिहावे आणि ग्राहकाकडून मंजुरी देणारी व्यक्ती एकच ठरवावी. तिघांनी तीन सूचना दिल्या तर त्यांचा मेळ घालणे हे ग्राहकाचे काम. प्रत्येक बदलाला हात घालण्यापूर्वी किती दिवस आणि किती पैसे वाढतील, हे दोन ओळींत कळवून होकार घ्यावा. बदल फुकट करायचा असला तरी तो नोंदवून, शून्य रकमेने बिलात दाखवावा.

सवलत मागितली तर दर उतरवण्याऐवजी काम कमी करावे. किमतीच्या ३० टक्के नफा असलेल्या कामावर १० टक्के सूट दिली, तर तेवढाच नफा मिळवायला दीडपट काम लागते. ते करायला माणसे तीच.

पैशांचे टप्पे कामाच्या टप्प्यांशी जोडावेत आणि शेवटचा हप्ता लहान ठेवावा. तो मोठा असेल तर अंतिम मंजुरी लांबवण्यातच ग्राहकाचा फायदा असतो. पूर्ण झालेले काम ग्राहकाच्या हाती दिल्यापासून सात कामाच्या दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ते मान्य समजले जाईल, ही अट आधीच घालावी. कोणत्याही एका ग्राहकाकडून एकूण उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त येऊ लागले की नवा ग्राहक शोधायला लागावे, नाहीतर नियम तो एकटा ग्राहकच ठरवू लागतो.

उशीर होणार हे ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी कळवावे: काय अडले, नवी तारीख कोणती, ग्राहकाने काय ठरवायचे आहे. नुसती दिलगिरी कुणाच्या कामाची नसते.

आणि ग्राहकाची मूळ फाइल, पासवर्ड, आराखडे अडवून वसुली करू नये. हे अनेकांना भाबडेपणाचे वाटेल. पण थकबाकीसाठी पुढचे काम थांबवणे रास्त आहे, ग्राहकाचीच वस्तू ओलीस ठेवणे नाही. पूर्ण पैसे मिळाल्यावर कोणत्या गोष्टी कुणाच्या मालकीच्या होतील, हे करारात पहिल्याच दिवशी लिहिलेले असेल तर ही वेळ सहसा येत नाही.

आपले,
लघुउद्योगांशी संबंधित काही वाचक