तुझ्या गोष्टीतल्या ट्विस्टबद्दल

प्रिय मित्रा,

तुझी गोष्ट परवा रात्री वाचली आणि काल परत वाचली, म्हणून उत्तराला वेळ लागला. मेसेजमध्ये लिहायला बसलो होतो पण ते वाढतच गेलं, शेवटी म्हटलं सरळ पत्रच लिहावं.

तू एवढंच विचारलंस, "शेवट आधी कळला का?" नाही कळला. ताई कधीच वारलीये आणि धाकट्या मुलीला येणारी तिची पत्रं बाबाच लिहितायत हे मला अगदी शेवटच्या पानापर्यंत कळलं नाही. पण खरं सांगू, हा प्रश्नच मला बरोबर वाटत नाही. कळला की नाही यापेक्षा, कळल्यावर परत पहिल्या पानावर जावंसं वाटलं का, हे विचार. मी गेलो, लगेच गेलो, रात्रीचा एक वाजला होता तरी. आणि तिथे एक गोष्ट अशी सापडली की मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो, आणि एक अशी की तिच्यावरून मला तुझ्याशी भांडायचंय.

आधी चांगली. ताई प्रत्येक पत्रात सगळ्यांची चौकशी करते, आजीची, शाळेची, मांजराचीसुद्धा, पण बाबांबद्दल एक शब्द नाही. पहिल्यांदा वाचताना मला वाटलं हिचं बाबांशी काहीतरी बिनसलंय, भांडून घर सोडलं असणार. आणि शेवटी कळतं की अरे, तो माणूस स्वतःचीच चौकशी कशी लिहिणार? त्याला ते लिहवलंच नाही. तीच ओळ, तू एक अक्षर बदललेलं नाहीस, पण तिचा अर्थ पूर्ण फिरला. ट्विस्ट म्हणजे माझ्यासाठी हेच, यार.

'द सिक्स्थ सेन्स' आठव. १९९९ चा सिनेमा, आपण दोघांनी किती वेळा बघितलाय. त्यातला मानसोपचारतज्ज्ञ सुरुवातीलाच मेलेला असतो, पण ते त्याला आणि आपल्याला शेवटी कळतं. लग्नाच्या वाढदिवसाला तो हॉटेलात उशिरा पोचतो, बायको त्याच्याशी बोलत नाही, बिल स्वतःकडे ओढून घेते, 'हॅपी अ‍ॅनिव्हर्सरी' एवढंच म्हणते आणि उठून जाते. पहिल्यांदा आपल्याला तो मोडत चाललेला संसार दिसतो, दुसऱ्यांदा तीच बाई एकटी बसून गेलेल्या नवऱ्यासाठी दिवस साजरा करताना दिसते. सीन तोच. आणि मेलेली माणसं दिसणारा तो लहान मुलगा तर सांगूनच टाकतो ना, की मेलेल्या माणसांना आपण मेलोय हे माहीत नसतं, त्यांना जे बघायचं असतं तेवढंच दिसतं. समोर बसलेल्या माणसाला तोंडावर सांगतो, आणि तो माणूस आणि आपण दोघंही ते दुसऱ्या कुणाबद्दल आहे असं समजून पुढे जातो. काहीच लपवलेलं नाहीये तिथे. दिग्दर्शक श्यामलनला स्वतःला हे वळण पाचव्या ड्राफ्टच्या आसपास सापडलं म्हणतात, त्यामुळे तुझा दुसराच ड्राफ्ट आहे हे लक्षात ठेव आणि घाबरू नकोस.

आता भांडण. चौथं पान काढ. "ताईने पाकीट उघडलं आणि तिला हसू आलं." कुठली ताई? ती तर दोन वर्षांपूर्वीच गेलीये! हे वाक्य मुलीचं नाही, बाबांचंही नाही, हे तू लेखक म्हणून लिहिलंयस, आणि ते खोटं आहे. मुलगी चुकीचं समजू शकते, बाबा तोंडावर खोटं बोलू शकतात, त्यांना बोलूच दे, पण गोष्ट सांगणारा जेव्हा "असं झालं" म्हणतो तेव्हा ते झालेलं असलं पाहिजे. नाहीतर दुसऱ्यांदा वाचणारा तिथे अडकणार आणि त्याला फसवल्यासारखं वाटणार, आणि एकदा तसं वाटलं की बाबांची चौकशी नसलेली ती सुंदर पत्रंपण त्याला नुसती युक्ती वाटायला लागतील. याचा मला खरंच त्रास झाला, म्हणून एवढं लिहितोय.

अगाथा ख्रिस्तीचं 'रॉजर अ‍ॅक्रॉइड' तू माझ्याकडूनच नेलं होतंस, त्यामुळे शेवट सांगायला हरकत नाही. १९२६ चं पुस्तक, गोष्ट सांगणारा डॉक्टरच खुनी, आणि तेव्हा काही लोक चिडले की ही फसवणूक आहे. पण ते प्रकरण परत काढून बघ. तो लिहितो की पत्रं आत आली तेव्हा नऊला वीस मिनिटं कमी होती आणि मी निघालो तेव्हा नऊला दहा कमी होती, आणि दारात क्षणभर थांबून मागे वळून बघितलं की काही करायचं राहिलं तर नाही ना. सगळं खरं आहे! मधल्या दहा मिनिटांत काय झालं ते फक्त त्याने लिहिलं नाही, आणि आपण विचारलंही नाही. शेवटी तो स्वतःच ते वाक्य आपल्याला दाखवतो, जवळजवळ अभिमानाने. गाळणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. तू गाळ ना, हवं तेवढं गाळ.

आणि तुझी दुरुस्ती तर एका शब्दाची आहे. "ताईने पाकीट उघडलं असेल, तिला हसू आलं असेल." बस. आता ते मुलीच्या मनातलं झालं. पहिल्यांदा वाचणारा त्या 'असेल'कडे बघणारही नाही, लांब राहणाऱ्या बहिणीबद्दल कुणीही असंच म्हणेल. दुसऱ्यांदा वाचताना मात्र तोच शब्द घशात अडकेल.

तू म्हणशील की मग 'स्टार वॉर्स'च्या दुसऱ्या सिनेमाचं, 'एम्पायर स्ट्राइक्स बॅक'चं काय, तो तर तुझा लाडका. बरोबर आहे, तिथे माझा नियम मोडतो. १९७७ च्या पहिल्या सिनेमात म्हातारा गुरू ओबी-वान नायक ल्यूकला सरळ सांगतो की खलनायक व्हेडरने तुझ्या वडिलांना मारलं, आणि १९८० मध्ये व्हेडरच बाप निघतो. दुसऱ्या भागाच्या पहिल्या मसुद्यात तर ल्यूकचे वडील वेगळे, भुताच्या रूपात त्याला भेटतात, म्हणजे हे नंतर सुचलेलं आहे. १९८३ मध्ये बिचाऱ्या ओबी-वानला सारवासारव करावी लागली की मी बोललो ते एका दृष्टीने खरंच होतं. मला ती सारवासारव कधीच पटली नाही. पण ट्विस्ट तरी चालतोच, आजही अंगावर येतो, सगळ्या जगाला माहीत असूनसुद्धा. का चालतो याचा मी खूप विचार केला. मला वाटतं, तो कोडं सुटल्याचा ट्विस्ट नाहीये. ज्याला मारायला निघालो तो बाप आहे, मग आता काय करायचं? गोष्ट तिथे संपत नाही, तिथून जड होते.

कर्णाचंही तसंच ना. तो कुंतीचा मुलगा आहे हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, म्हणजे स्पॉयलर म्हणशील तर तिथे पहिल्यापासूनच आहे, तरी कुंती त्याला भेटायला जाते तो भाग वाचताना पोटात कालवतंच. आणि पांडवांना कळतं कधी, तर तो मेल्यावर. २०११ मध्ये सॅन दिएगोच्या दोन संशोधकांनी १२ कथा घेऊन प्रयोग केला होता, शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना त्या उलट जास्त आवडल्या. मला ते सगळ्याच गोष्टींबद्दल पटत नाही, मी तरी कुणाला शेवट सांगणार नाही, पण तू 'आधी कळू नये' यावर जी एवढी मेहनत घेतलीयेस त्यातली अर्धी दुसरीकडे लावलीस तर गोष्ट कुठच्या कुठे जाईल असं मला वाटतं.

कुठे, ते 'बायोशॉक'वरून सांगतो. २००७ चा गेम, तू माझ्या शेजारी बसून पूर्ण बघितला होतास. रेडिओवरचा अ‍ॅटलस दर वेळी इतक्या गोड भाषेत विनंती करतो, कृपा करून हे कर, कृपा करून ते कर, आणि आपण करतो, कारण गेममध्ये सांगितलेलं करायचंच असतं. मग ज्याच्याविरुद्ध आपण लढत असतो त्या रायनच्या खोलीत कळतं की ते शब्दच हुकूम होते, आणि त्या सीनमध्ये कंट्रोल आपल्या हातातून काढून घेतात, आपलेच हात त्याला गोल्फच्या काठीने मारतात आणि आपण नुसतं बघतो. मी तेव्हा कंट्रोलर खाली ठेवला होता, आठवतंय? सिनेमात आपण फसतो, इथे तर मी स्वतःच्या हाताने सगळं केलेलं होतं. त्यानंतरचा गेम मात्र मला कमी पडलेला वाटतो, कारण एवढं कळल्यावरही पुढे तेच, कुणीतरी सांगायचं आणि आपण करायचं. ट्विस्टनंतर माणूस काय करतो याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

तुझ्याकडे ते असू शकतं. तुझी मुलगी दर पत्राला उत्तर लिहिते आणि बाबांकडेच पोस्टात टाकायला देते. तिला कागदांखाली ती सगळी उत्तरं न टाकलेली सापडतात आणि तू तिथेच गोष्ट संपवलीस. नको ना संपवूस. मला अजून एक पान हवंय. पुढच्या महिन्यात ताईचं पत्र परत येऊ दे, नेहमीसारखं, आजी कशी आहे, शाळा कशी आहे, मांजर कसं आहे. मुलगी उत्तर लिहायला बसते. आणि या वेळी न विचारताच ती लिहिते, बाबा बरे आहेत.

ते पान लिहिलंस की लगेच पाठव, मी जागा असेन.

तुझाच